सेवांचा परदेशव्यापार : करार आणि मान्यता

‘सेवा’ हा शब्द गुरुकुंज मोझरीला नवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला, तो सेवेच्याच ध्येयाने. व्यापारी करारांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे सेवा म्हणजे मोबदला घेऊन केलेले काम. गुरुकुंजात आयुर्वेद महाविद्यालयही आहे. तेथील पदवीधर वैद्यास आपली विद्या परदेशात उपयोगी पडेल काय, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर या करारांत शोधावे लागते.

चार मार्ग

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेबरोबर सेवाव्यापाराचा सर्वसाधारण करार अमलात आला. त्यात सेवेचे चार मार्ग सांगितले आहेत. वैद्याने येथे बसून दूरध्वनीवरून परदेशातील रुग्णाला सल्ला दिला, हा पहिला मार्ग. रुग्ण उपचारासाठी भारतात आला, हा दुसरा. अशा रुग्णांसाठी भारताने २०२३ साली आयुष व्हिसा सुरू केला. भारतीय संस्थेने परदेशात केंद्र उघडले, हा तिसरा आणि वैद्य स्वतः काही काळ तेथे जाऊन काम करू लागला, हा चौथा.

कापूस किंवा संत्री बंदरावर अडतात ती जकातीने. सेवा अडते ती नियमांनी. म्हणून करार करणारे देश कोणती सेवा, कोणत्या मार्गाने व किती प्रमाणात खुली करणार, हे परिशिष्टांत लिहून देतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारात भारतीय योगशिक्षक व स्वयंपाकी यांच्यासाठी मिळून वर्षाला १,८०० जागांची तरतूद आहे. या जागा वैद्यांसाठी नाहीत. करारातील प्रत्येक शब्द नीट वाचावा लागतो, तो यासाठीच.

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न

प्रवेशाची मुभा मिळाली म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळाला, असे नव्हे. पदवीला मान्यता द्यावयाची की नाही, हे त्या देशातील नियामक संस्था ठरविते. भारत-सिंगापूर करार २००५ साली अमलात आला. परंतु परिचारिकांच्या पात्रतेविषयी परस्पर मान्यतेचा करार होण्यास २०१८ साल उजाडले आणि तोही भारतातील सात प्रशिक्षण संस्थांपुरता. दार उघडल्यावरही उंबरठा ओलांडण्यास तेरा वर्षे लागली.

गावपातळीवरील कर्तव्य

या विलंबाचा गैरफायदा दलाल घेतात. घरची जमीन गहाण ठेवून पैसे भरणाऱ्या कुटुंबाला आधी तीन गोष्टी विचारावयास सांगावे : करारात आपला व्यवसाय आहे काय? त्या देशात आपली पदवी मान्य आहे काय? दलाल १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदलेला आहे काय? ही नोंदणी विदेश मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती वेळीच दिली, तर एखाद्या घरची जमीन वाचेल आणि जाणारा तरुण डोळसपणे जाईल.