व्होडका-लिंबू

व्होडका हे ऊर्ध्वपातित मद्य, कागदी लिंबाचा ताजा रस व साखरेचा पाक बर्फाबरोबर हलवून तयार केलेले थंड मिश्रपेय. लहान प्याल्यात सोड्याशिवाय दिल्यास त्यास व्होडका गिमलेट असे नाव आहे. उंच प्याल्यात सोडा घालून घेण्याची पद्धत भारतात अधिक रूढ आहे. घरी करावयाच्या मिश्रपेयांत हे सर्वांत सोपे समजले जाते. कृती सोपी आहे हे खरे. तथापि या पेयात मद्याची चव जवळजवळ पूर्णपणे झाकली जात असल्याने किती मद्य पोटात गेले, हे जिभेला कळत नाही. त्यामुळे मोजमाप हाच या कृतीचा मुख्य भाग ठरतो.

इतिहास : मद्य व लिंबाचा रस यांची सांगड प्रथम जहाजांवर पडली. लांबच्या सफरीत खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर संत्री व लिंबे गुणकारी असल्याचे जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ या जहाजावर प्रयोग करून दाखविले. नौदलाने लिंबाच्या रसाचे वाटप मात्र १७९५ पासून सुरू केले. हा रस टिकविण्यासाठी त्यात मद्य मिसळीत. लीथ (स्कॉटलंड) येथील लॉक्लन रोझ यांनी मद्याऐवजी साखर वापरून रस टिकविण्याच्या पद्धतीचे एकस्व १८६७ मध्ये घेतले आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस ठेवणे कायद्याने आवश्यक झाले. बाटलीतला हा गोड रस (लाइम कॉर्डियल) अधिकारीवर्ग जिन या मद्यात घालून घेऊ लागला. ते गिमलेट. सुताराच्या गिरमिटाला इंग्रजीत हेच नाव आहे; पेयाला ते त्यावरून मिळाले की गिमलेट नावाच्या नौदलातील डॉक्टरवरून, याविषयी एकमत नाही. रेमंड चँडलर यांच्या द लाँग गुडबाय (१९५३) या कादंबरीमुळे हे पेय वाचकवर्गात विशेष प्रसिद्धीस आले.

जिनच्या जागी व्होडका आली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. पूर्व यूरोपातील हे मद्य अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापूर्वी फारसे कोणी घेत नसे. १९४१ च्या सुमारास लॉस अँजेल्स येथे व्होडका, लिंबू व आल्याचे फसफसणारे पेय यांचे ‘मॉस्को म्यूल’ हे मिश्रण तांब्याच्या पेल्यातून विकले जाऊ लागले व त्याने व्होडकाला बाजारपेठ मिळवून दिली. पेयाचा मॉस्कोशी संबंध नावापुरताच आहे. पेला तांब्याचा असला, तर त्याला आतून कल्हई किंवा अन्य धातूचे अस्तर हवे, कारण लिंबाच्या अम्लात तांबे विरघळते. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये हा आपल्याकडील घरोघरचा नियम येथेही लागू पडतो.

घटकद्रव्ये : धान्य, बटाटे किंवा उसाची मळी यांपैकी कोणत्याही पदार्थाचे किण्वन करून व पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून सुमारे ९६ टक्के शुद्ध एथिल अल्कोहॉल मिळवितात व त्यात पाणी घालून व्होडका बनवितात. बहुतेक प्रकारांत ती कोळशातून गाळली जाते. मूळ पदार्थाचा वास व चव काढून टाकणे हाच या प्रक्रियेचा हेतू असतो. व्होडकाची ४० टक्के ही तीव्रता दमित्री मेंडेलेव्ह यांनी ठरविली, अशी एक लोकप्रिय कथा आहे. त्यांचा १८६५ मधील प्रबंध अल्कोहॉल व पाणी यांच्या संयोगावर होता हे खरे असले, तरी व्होडकाची तीव्रता ठरविणे हा त्याचा विषय नव्हता. त्यात अभ्यासिलेला एक गुणधर्म मात्र घरीही पडताळून पाहता येतो : या दोन द्रवांच्या मिश्रणाचे घनफळ त्यांच्या बेरजेपेक्षा थोडे कमी भरते.

भारतात बाटल्यांवर पुष्कळदा ४२·८ टक्के हा आकडा आढळतो. जुन्या ब्रिटिश मापनपद्धतीत १०० प्रूफ म्हणजे घनफळाने ५७·१ टक्के अल्कोहॉल होय. त्याच्या तीन चतुर्थांश तीव्रतेचे मद्य विकण्याची प्रथा त्या अमदानीतून आली व हा आडनिडा आकडा तेव्हापासून टिकून आहे.

लिंबू पातळ सालीचे, हाताला जड लागणारे व पिवळसर झालेले घ्यावे. राहुरी येथील कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ व परभणी येथील ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ हे महाराष्ट्रात विकसित झालेले प्रकार रसदार आहेत. रस आयत्या वेळी काढावा. पिळून ठेवलेल्या रसात काही तासांनी कडवटपणा येतो. ताज्या रसातील एका कडू नसलेल्या पूर्वद्रव्यापासून अम्लाच्या सान्निध्यात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होत असते. फळ फार जोराने दाबल्यासही सालीतील कडू तेल रसात उतरते. या सालीत काही प्रकाशसंवेदी द्रव्येही असतात. ती कातडीवर राहून ऊन लागल्यास भाजल्यासारखे फोड व पुढे काळे डाग पडतात. म्हणून दुपारी अंगणात अनेकांसाठी लिंबे पिळणाऱ्याने हात साबणाने धुवावेत.

साखर अल्कोहॉलमध्ये जवळजवळ विरघळत नाही व थंड पाण्यात सावकाश विरघळते. याकरिता समान वजनाची साखर व पाणी कोमट करून पाक आधी करून ठेवावा. तो प्रशीतकात दोनतीन आठवडे टिकतो. बाजारी कॉर्डियल वापरल्यास पाक लागत नाही, पण ताज्या रसाचा सुगंध त्यात नसतो.

कृती : ६० मिलि. व्होडका, २० मिलि. रस व २० मिलि. पाक मापाने घेऊन झाकणाच्या भांड्यात मोठ्या बर्फखड्यांबरोबर बारा ते पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि गाळून प्याल्यात ओतावे. लिंबांच्या आंबटपणात फार फरक असल्याने पाकाचे प्रमाण चाखून बदलावे. व्होडकाचे बदलू नये. चिमूटभर मीठ घातल्यास कडवटपणा कमी जाणवतो. सोडा घालावयाचा असल्यास तो हलविल्यानंतर, शेवटी घालावा.

हलविताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. बर्फ वितळताना प्रत्येक ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी सुप्त उष्णता द्रवातून शोषली जाते आणि अल्कोहॉलमुळे गोठणबिंदू खाली गेलेला असल्याने मिश्रण शून्य अंश सेल्सिअसच्याही खाली थंड होते. त्याचबरोबर वितळलेले सुमारे २५ ते ३० मिलि. पाणी पेयात मिसळते. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे. पेयाचा तो चौथा घटकच आहे. बाटली गोठणकप्प्यात ठेवून आधीच अतिथंड केलेली व्होडका वापरल्यास बर्फ कमी वितळतो व पेय अधिक तीव्र राहते, पण थंडीमुळे ते अधिक सौम्य भासते. या युक्तीची शिफारस करणाऱ्यांनी एवढे सांगावयास हवे.

तीव्रता व परिणाम : वरील मापातील ४२·८ टक्के तीव्रतेच्या व्होडकात सुमारे २० ग्रॅम अल्कोहॉल असते. तयार पेयात त्याचे प्रमाण सुमारे २० टक्के, म्हणजे तीव्र बिअरच्या दुपटीहून अधिक, असते. सोड्याने पेयाचे घनफळ पाव लिटर केल्यास ते १० टक्क्यांवर येते, पण अल्कोहॉल तेवढेच राहते. यकृत ताशी साधारणपणे ७ ते १० ग्रॅम अल्कोहॉलचा निचरा करते. म्हणजे एका प्याल्यास दोन ते तीन तास लागतात, आणि प्याला दहा मिनिटांत संपू शकतो. गोव्यातील फेणीही लिंबाबरोबर घेतात. परंतु काजूच्या उग्र वासामुळे ती लपत नाही. व्होडकाबाबत हा इशारा मिळत नाही. मापाचे भांडे न वापरता बाटलीतून अंदाजाने ओतण्याची घरगुती सवय म्हणूनच या पेयात अधिक धोक्याची आहे.

लिंबू दिले की चढलेली दारू उतरते, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. त्यास आधार नाही. लिंबाच्या रसाने तोंडाची चव बदलते, तरतरीही वाटते. रक्तातील अल्कोहॉल मात्र कमी होत नाही. अशा तरतरीवर विसंबून वाहन चालविणे घातक ठरते.

जिभेची ही मर्यादा भेसळीच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते. मिथिल अल्कोहॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही; लिंबू व साखर घातल्यावर तर मुळीच नाही. शरीरात त्यापासून फॉर्मिक अम्ल तयार होऊन दृष्टितंत्रिकेस इजा होते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात अशा विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. मोहोरबंद बाटलीखेरीज अन्य मद्य मिश्रणासाठी वापरू नये. पिण्यानंतर काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, डोकेदुखी, उलट्या व अंधूक दिसणे ही लक्षणे आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. वेळीच प्रतिविष व रक्त-अपोहन मिळाल्यास दृष्टी व प्राण वाचू शकतात.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि व्होडकासारख्या मद्यासाठी तो २५ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत संपूर्ण दारूबंदी आहे. विकत घेतलेल्या मद्याचे मिश्रण घरी करणे व मद्य घरी गाळणे या कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी असून दुसरी हा गुन्हा आहे.