नांगर, गिरणी आणि मनीऑर्डर

इंग्लंडात कारखाने केवळ वाफेच्या जोरावर उभे राहिले, असा आपला समज असतो. त्यापूर्वी तेथले शेत बदलले होते, हे आपण विसरतो. गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर नावाचे गवत पाळीपाळीने घेतल्यामुळे जमीन पडीक ठेवण्याचे कारण उरले नाही. हिवाळ्यात जनावरांना वैरण मिळाली, वैरणीमुळे खत वाढले, खतामुळे धान्य. १८०१ साली इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती. १८५१ साली ती १७९ लाख झाली, आणि त्यांतली निम्मी शहरांत राहू लागली. मात्र याच काळात गावाच्या सामाईक कुरणांना कायद्याने कुंपणे पडली. धान्य वाढले, माणूस मोकळा झाला. पण गरिबाचा आधारही सुटला.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. पुढे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसे आगबोटीने तिकडे जाऊ लागली. पण येथले शेत सुधारले नव्हते. तरवा भाजायचा, पावसावर भात लावायचे, वरकसात नाचणी काढायची, खोती गावांत खोताचा वाटा द्यायचा, हा क्रम तसाच होता. तिकडे पिकलेल्या शेताने माणूस सोडला. इकडे न पुरणाऱ्या शेताने तो ढकलला. १९११ साली मुंबईच्या सुमारे पावणेदहा लाख वस्तीत दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, आणि आपले हे तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात होते.

त्यामुळे आपल्याकडे घरच दोन ठिकाणी वाटले गेले. पुरुष गिरणीत, बाई शेतात. मनीऑर्डर आली की सारा भरायचा, वाण्याची उधारी फेडायची. गिरणीची तुटपुंजी मजुरी पुरत असे, कारण पोराबाळांचा आणि म्हाताऱ्यांचा उरलेला भार गावातली बाई वाहत होती.

शेतीतील सुधारणा आली ती उशिरा. खोती १९४९च्या कायद्याने गेली. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती दिल्या, १९८१ साली ‘रत्ना’ आंबा दिला. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या, मनीऑर्डर आटली. आणि १९९०पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागल्यावर कातळावर कलमे उभी राहिली.

पीक वाढले म्हणजे समाज आपोआप सुधारतो असे नाही. ते कोणाच्या पदरात पडते, यावर सारे अवलंबून असते. शंभर वर्षे ज्या बाईने शेत राखले, तिचे नाव सातबाऱ्यावर आहे का, एवढे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.