दोन माईक आणि एक हरवलेला सूर

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा प्रॉडक्ट. मराठीत इंग्रजी घुसलेलं दिसेल, तेवढं सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी, कारण त्या रात्री मी माझ्या रूममेटला ज्या शिव्या घातल्या त्या शुद्ध मराठीत होत्या!

गॅदरिंगसाठी आमच्या बँडचं एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं. रूममेट आमचा गिटारिस्ट, मी स्वयंघोषित साऊंड इंजिनियर. इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज येतो अँपच्या स्पीकरमधून, म्हणून माईक स्पीकरसमोरच लावतात. कोनच्या मधोमध धरला तर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ होतो. आमच्याकडे दोन माईक होते. एक शुअर एसएम ५७, जो १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटार अँपसमोर हमखास दिसतो. दुसरा उसना आणलेला कन्डेन्सर. माझा हिशोब सरळ होता: एका माईकने चांगला, तर दोनाने दुप्पट चांगला! ५७ जाळीजवळ लावला, कन्डेन्सर त्याच्या फूटभर मागे. लांबच्या माईकचा आवाज कमी येत होता, म्हणून फेडर वर करून दोन्ही सारखे केले.

ऐकतो तर काय, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. आणि सोलोमधला एक सूर, पहिल्या तारेचा सातवा फ्रेट, जवळजवळ गायब. मी म्हटलं, "अरे, बोट नीट दाब ना!" त्याने बिचाऱ्याने तो सोलो नऊ वेळा वाजवला. बोटं लाल झाली. शेवटी गिटार खाली ठेवून म्हणाला, "मला जमत नाहीये रे, दुसरा कोणी बघ." तेवढ्यात चुकून माझ्याकडून कन्डेन्सरचा ट्रॅक म्यूट झाला, आणि तो सूर ठणठणीत ऐकू आला.

आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला सुमारे १ मिलिसेकंद. नंतर पट्टीने मोजलं, दोन माईकमधलं अंतर बरोबर तेवढंच होतं. ५०० हर्ट्झची एक लाट २ मिलिसेकंदांची. १ मिलिसेकंद उशीर म्हणजे अर्धी लाट. एका माईकमध्ये लाट वर, तेव्हा दुसऱ्यात खाली. बेरीज केली की शून्याच्या जवळ! १५०० आणि २५०० हर्ट्झलाही हेच होतं, मधल्या १००० आणि २०००ला उलट आवाज वाढतो. आणि सातव्या फ्रेटचा तो सूर किती? सुमारे ४९४ हर्ट्झ. दोन्ही फेडर सारखे करून मीच त्याचा गळा दाबला होता.

उपाय सोपे आहेत. एक, दोन्ही माईक शेजारी, कोनपासून सारख्याच अंतरावर ठेवा. दोन, जवळजवळ ठेवल्यावर एका माईकची पोलॅरिटी उलटी करा आणि आवाज अगदी पातळ होईपर्यंत तो माईक थोडा थोडा सरकवा. मग पोलॅरिटी परत सरळ करा, आवाज भरदार होतो. तीन, माईक लांबच हवा असेल तर कॉम्प्युटरवर त्याचा ट्रॅक तेवढाच पुढे ओढा. ४४१०० सॅम्पल रेटला १ मिलिसेकंद म्हणजे ४४ सॅम्पल. नुसती पोलॅरिटी उलटवून उशीर जात नाही. ५०० हर्ट्झ परत येतो, पण १००० पळतो आणि खालचा बेसही जातो.

रात्री दोन वाजता माईक शेजारी लावले आणि त्याला उठवलं. सोलो पहिल्याच टेकमध्ये ओके. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी राहू दे, उद्या माझं जर्नल तू लिही."

लिहिलं. पूर्ण. तेव्हा दोस्तांनो, आवाज बिघडला तर वाजवणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी कंपासपेटीतली पट्टी काढा.