जीवसृष्टींतील देवघेव



बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. लातूर जिल्ह्यांतील एका शाळेंत मी सातवीच्या वर्गाला शास्त्र शिकवीत होतों. फळ्यावर मीं नेहमींचीच ओळ लिहिली: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मध्यें बाण काढले, आणि ही अन्नसाखळी वहींत उतरवून घ्या, असें सांगितलें. तेवढ्यांत मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आमच्या तुरीवर औषध मारलं की आळी मरती, अन् पंधरा-वीस दिवसांत परत दुपटीनं येती. असं कामून होतं?" माझी साखळी फळ्यावर होती, पण तिच्यांत तूर नव्हती, अळी नव्हती, आणि त्या मुलाच्या वडिलांनीं उसनवारीनें आणलेल्या औषधाचे पैसेही नव्हते. "उद्यां सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. आजचें हें भाषण म्हणजे त्या उद्यांचेंच उत्तर आहे, असें समजावें.

परिसंस्था हा शब्द आतां पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आहे. ज्या इंग्रजी शब्दासाठीं तो योजला, तो टान्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३५ सालीं आपल्या लेखांत छापून आणला. त्याचें म्हणणें असें कीं, झाडें, प्राणी आणि जंतू यांचा विचार माती, पाणी, ऊन व हवा यांपासून तोडून करतां येत नाहीं; हा सर्व मिळून एकच संसार आहे. आपल्याकडील मुलाला हें समजावून देण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. बारा बलुतेदारांचें नांव त्यानें आजोबांच्या तोंडून ऐकलेलें असतें. सुतार, लोहार, कुंभार यांवांचून कुणब्याचें अडे, आणि कुणब्याच्या खळ्यावांचून त्यांचें अडे. शेतांतही अशीच देवघेव चालते. फरक इतकाच कीं, तेथें कोणीं कोणाशीं करार केलेला नसतो, आणि कित्येकदां देणाऱ्याला आपला जीवच द्यावा लागतो.

ही देवघेव पाहावयाची तर वर्गाला बांधावर न्यावें. लातूर-नांदेडकडे तुरीचें शेत शोधावें लागत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं पेरलेली तूर पांच-सहा आठवड्यांची झाली म्हणजे शेतकऱ्याच्या परवानगीनें एक रोप मातीच्या ढेकळासह अलगद खणून काढावें. मुळें पाण्यांत धुतलीं कीं त्यांवर बारीक गांठी दिसतात. मुलें म्हणतील, ही कीड असावी. मग एक गांठ नखानें फोडून दाखवावी. आंतून ती गुलाबी निघाली, तर ती कामांत आहे असें समजावें. या गांठींत रायझोबियम नांवाचे जंतू राहतात. हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु आहे, पण झाडाला तो हवेंतून परस्पर घेतां येत नाहीं. हे जंतू तो पकडून झाडाला पचेल अशा रूपांत देतात, आणि मोबदल्यांत झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरवितें. तो गुलाबी रंग ज्या द्रव्याचा, तें आपल्या रक्तांतील लाल द्रव्याचें भावंडच आहे. प्राणवायु जास्त झाला तर नत्र पकडण्याचें काम बंद पडतें. म्हणून तो मोजून-मापून देण्याची व्यवस्था हें द्रव्य ठेवतें. लातूरच्या डाळगिरण्यांतून आपल्या स्वयंपाकघरांत येणाऱ्या डाळीचा जो पौष्टिक अंश, त्यांतील बराचसा नत्र अशा गांठींतून आलेला असतो. वरणाची वाटी पुढें ओढतांना मुलाला एवढें आठवलें, तरी पुस्तकाचें एक पान वाचल्यासारखें होईल.

दुसरी फेरी दिवाळीच्या सुमारास, तूर फुलाशेंगांवर असतांना काढावी. एक साधा मातकट पतंग कळ्याफुलांवर अंडीं घालतो. त्यांतून निघालेली अळी शेंगेला भोंक पाडते आणि अर्धें अंग आंत, अर्धें बाहेर ठेवून दाणे खाते. हरभऱ्यावर हीच घाटेअळी म्हणून प्रसिद्ध आहे. येथें मुलांना अर्धा तास बोलूं देऊं नये. नुसतें पाहावयास सांगावें. काळा कोतवाल उंच काडीवर बसलेला असतो. तो एकाएकीं झेप घेतो आणि भक्ष्य चोंचींत धरून जागेवर परत येतो. साळुंक्या तासांमधून वेंचीत फिरतात. पानांच्या बेचक्यांत कोळी दबा धरून असतो. गांधीलमाशीच्या जातीचा एक अगदीं इवलासा कीटक अळीच्या अंगांत अंडें घालतो, आणि त्याचें पिल्लूं तिला आंतून खाऊन मोठें होतें. क्वचित् एखादी अळी शेंड्याला उलटी लटकून काळी पडलेली आढळते. ती विषाणूच्या रोगानें मेलेली असते. म्हणजे एका अळीवर टपलेले पांच जण मुलांनीं मोजले. ही साखळी नव्हे. हें जाळें आहे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. जें औषध अळीला मारतें, तें बहुधा कोळ्याला आणि त्या इवल्या गांधीलमाशीलाही मारतें. पतंगाची एक मादी शेंकडों अंडीं घालते, त्यामुळें अळीचा वंश झपाट्यानें वाढतो. तिच्या शत्रूंची संख्या मात्र सावकाश भरून येते. शेजारच्या शिवारांतून नवा पतंग उडून येतो, तेव्हां त्याला राखणदार नसलेलें शेत आयतेंच मिळतें. शिवाय थोड्या अळ्या औषधांतूनही वांचतात. त्यांच्या वंशांत तेंच औषध हळूहळू बाधेनासें होतें. याचा अर्थ औषध केव्हांच मारूं नये असा नाहीं. आधीं झाडांवरील अळ्या मोजाव्या, नुकसान खरोखरीच होण्याइतकी संख्या असेल तरच फवारावें, आणि पांखरांना बसण्यासाठीं शेतांत आडव्या काठीचे थांबे उभारावे, असा कृषिशास्त्रज्ञांचा सल्ला आहे. तो कां दिला जातो, हें बांधावर अर्धा तास बसलेल्या मुलाला निराळें सांगावें लागत नाहीं.

यानंतर मुलें विचारतात कीं, अळ्या पुष्कळ, पांखरें थोडीं आणि शिकरा एखादाच, असें कां? याचें उत्तर गणिताच्या तासाला द्यावें. लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञानें एका तळ्याचा बारकाईनें अभ्यास केला. त्याचा निबंध १९४२ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्या विचारांतून पुढें असा ढोबळ नियम रूढ झाला कीं, एका पायरीवरील शक्तीचा सुमारें दहावा हिस्साच पुढील पायरीच्या अंगीं लागतो. झाडांनीं १०,००० मापें सांठविलीं, तर अळ्यांच्या वांट्याला १,०००, त्या खाणाऱ्या पांखरांना १०० आणि पांखरें खाणाऱ्या शिकऱ्याला १० उरतात. बाकीची शक्ति ज्याच्या त्याच्या हालचालींत आणि उष्णतेंत खर्च होते, किंवा न खाल्लेल्या, न पचलेल्या भागांत राहते.

हा राहिलेला भाग गांडुळें, बुरशी आणि जंतू कुजवितात व त्यांतील क्षार मातीला परत करतात. मोठ्या जनावरांच्या मढ्यांचें काम एके काळीं गिधाडें करीत. आमच्या लहानपणीं गांवाबाहेर तीं सहज दिसत. १९९० नंतर तीं देशभर झपाट्यानें नाहींशीं झालीं. गुरांना दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मढ्यांवाटे गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करतें, हें २००४ सालीं उघड झालें, आणि २००६ सालीं गुरांसाठीं त्यावर आपल्या देशांत बंदी आली. औषध दिलें गाईला, आणि मेलें गिधाड! जाळ्याचा धागा कोठें ओढला जाईल आणि हिसका कोठें बसेल, हें असें असतें.

नांदेडच्या मुलांना दुसरें पुस्तक गोदावरीच्या घाटावर उघडें आहे. सांडपाण्यांतून नत्र व स्फुरद नदींत येतात, पाणी संथ असलें कीं जलपर्णी माजते, आणि वरून नदी बागेसारखी हिरवीगार दिसते. खालीं मात्र ऊन पोंचत नाहीं, कुजणाऱ्या पाल्यामुळें प्राणवायु आटतो, आणि मासळी गुदमरते. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची. तेथें तिला खाणारे किडे आहेत. येथें ती आली, पण तिचे वैरी मागेंच राहिले. त्यांपैकीं एका जातीचे भुंगेरे १९८० नंतरच्या दशकांत मुद्दाम भारतांत आणून सोडण्यांत आले. हिरवें दिसतें तेवढें सारेंच निरोगी नसतें, हें मुलांना येथें कळतें. आणि पाणीच नसेल तर काय होतें, तें २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें आलेलें पाणी प्यालेल्या लातूरकरांनीं सांगावें. माणूसही या जाळ्याच्या आंतच आहे.

वर्गांत परतल्यावर एक खेळ घ्यावा. मुलांना वर्तुळांत उभें करून कोणाला तूर, कोणाला अळी, कोतवाल, कोळी, उंदीर, धामण, घुबड, माती, पाऊस अशीं नांवें द्यावीं. ज्याचा ज्याच्याशीं संबंध, त्यांच्या हातांत सुतळी ताणून द्यावी. मात्र तो संबंध काय, हें मुलानें बोलून दाखविल्यावांचून सुतळी देऊं नये. मग एकाला खालीं बसवावें आणि हिसका कोणाकोणाला लागला तें विचारावें.

शहरांतील आईबापांनीं शेत नाहीं म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं. गॅलरींतील कढीपत्त्याच्या कुंडीवर पांखराच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी कधींतरी सांपडते. ती मोठी होऊन हिरवी होते, आणि तिचें सुंदर फुलपांखरूं होतें. ती लगेच चिमट्यानें काढून टाकूं नये. चार पानें तिला द्यावीं, आणि ती काय खाते व तिला कोण खातें, हें मुलाला रोज वहींत लिहूं द्यावें.

त्या मुलाला मीं दुसऱ्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. देऊं शकलों नाहीं. त्याच्याच शेताच्या बांधावर बसून मला आधीं शिकावें लागलें. तेव्हां आपल्या घरांत एखादें मूल असा अडचणीचा प्रश्न विचारील, त्या वेळीं "उद्यां सांगतों" म्हणूं नये. "मला ठाऊक नाहीं, चल, जाऊन पाहूं" असें म्हणावें.