फ्यूज का उडतो, आणि वायरमनला केव्हा बोलवावे

रमजान अर्ध्यावर आला की शिंप्यांच्या गल्लीत रात्रीचा दिवस होतो. चांदरातीपर्यंत कपडे द्यायचे म्हणून दोनाच्या जागी पाच मशिनी चालतात, इस्त्री थंड होत नाही, आणि नेमका याच दिवसांत फ्यूज उडू लागतो. अशाच एका रात्री एका मास्टरांनी मला बोलावले. फ्यूजची किटकॅट काढून पाहतो तो आत फ्यूजची तारच नव्हती. टेबलफॅनच्या जुन्या वायरमधले तांब्याचे धागे पीळ देऊन बांधले होते.

"मास्टर, हे काय बांधलंय?"

"सारखा उडत होता भाई. ऐन सीझनमध्ये किती वेळा उठायचं? पक्कं करून टाकलं."

मला बोलावले होते ते फ्यूजसाठी नव्हे. भिंतीतून जळका वास येत होता म्हणून बोलावले होते. फ्यूज पक्का झाला होता, म्हणून त्याच्याऐवजी भिंतीतली वायर वितळू लागली होती.

आपल्या बहुतेक कारागिरांचे घर आणि कारखाना वेगळा नसतो. खाली मशिनी, वर बिऱ्हाड. नाहीतर एकाच खोलीत दिवसा जरीकाम आणि रात्री अंथरूण. वायरिंग मात्र घराच्या हिशेबाने केलेले असते, म्हणजे दोन ट्यूब, एक पंखा आणि एक टीव्ही. मास्टरांच्या दुकानाचाच हिशेब मांडून पाहा. दोन इस्त्र्या, प्रत्येकी ७५० वॅट, म्हणजे १५०० वॅट. पाच मशिनींच्या मोटारी प्रत्येकी २५० वॅट धरल्या तर १२५०. दिवे-पंख्यांचे २५० धरा. एकूण ३००० वॅट. याला २३० व्होल्टने भागले की साधारण १३ अँपिअर येतात. हे सगळे ज्या एक एमएमच्या वायरवर चालले होते ती ६ अँपिअरच्या दिव्यांसाठी टाकलेली होती. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

फ्यूज किंवा एमसीबी बसवलेला असतो तो या वायरच्या रक्षणासाठी. तो पडला म्हणजे बिघडला असे नव्हे. तो आपले काम करतो आहे. म्हणून एमसीबी पडला तर आधी त्या लाइनवरची सगळी बटणे बंद करा, प्लग काढा, मग एमसीबी एकदाच वर करा. काहीही जोडलेले नसताना तो लगेच पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे. त्याला पुन्हा हात लावू नका, वायरमनला बोलवा. राहिला, तर एकेक वस्तू जोडत जा. जी जोडताच पडतो ती वस्तू सदोष. ती बाजूला ठेवून दुरुस्तीला द्या. कोणतीही एक वस्तू चालते पण सगळ्या मिळून दहा-पंधरा मिनिटांनी एमसीबी पडतो, असे असेल तर लोड जास्त आहे. त्यावर १६ च्या जागी ३२ चा एमसीबी बसवणे हा इलाज नाही, कारण वायर तीच राहते. इस्त्रीसाठी अडीच एमएमची वेगळी लाइन आणि तिचा वेगळा एमसीबी, गीझर किंवा एसीसाठी चार एमएमची, हा इलाज. आणि तो वायरमनने करायचा आहे.

फ्यूजची तार बदलणे, बल्ब किंवा ट्यूब बदलणे, प्लगटॉपचा सुटलेला स्क्रू आवळणे ही कामे मेन स्विच बंद करून घरातला जाणता माणूस करू शकतो. फ्यूजला तार मात्र दुकानात मिळते तीच आणि तेवढ्याच अँपिअरची. यापुढची कामे आपली नव्हेत.

घरच्या माणसाला सर्वांत जास्त फसवतो तो न्यूट्रल. घरातले सगळे बंद पडते, म्हणून माणूस टेस्टर घेऊन सॉकेटमध्ये घालतो. एका भोकात टेस्टर लागतो आणि दुसऱ्या भोकातही लागतो. मग शेजारीपाजारी सांगतात, "दोन्हीकडे फेज आलाय." फेज दोन्हीकडून आलेला नसतो. न्यूट्रलची वायर कुठेतरी तुटलेली किंवा सुटलेली असते, आणि फेज चालू असलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फिरून न्यूट्रलच्या वायरवर उभा राहिलेला असतो. अशा वेळी काळी वायर म्हणून निर्धास्तपणे हात लावणारा माणूस झटका खातो. घर बंद आहे आणि टेस्टर दोन्हीकडे लागतो, एवढे दिसले की मेन बंद करा आणि थांबा.

याच दोषाचे मोठे रूप इमारतीत दिसते. तीन फेज येणाऱ्या इमारतीत मुख्य न्यूट्रल सैल झाला की एका घरातले दिवे मंद होतात आणि दुसऱ्या घरातले डोळे दिपतील इतके प्रखर. प्रखर दिवे दिसले की लोकांना बरे वाटते, व्होल्टेज चांगले आले म्हणून! खरे म्हणजे तिथे २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. फ्रिज, मशिनीची मोटार, मोबाइलचा चार्जर, सगळे काही मिनिटांत जाते. दिवे आपोआप मंद-प्रखर होऊ लागले तर आधी स्वतःचा मेन बंद करा, मग शेजाऱ्यांना सांगा, आणि त्यानंतर फोन करा.

फोन कुणाला, हेही ठरलेले आहे. मीटरच्या पलीकडचे, म्हणजे खांबावरची तार, सर्व्हिस वायर, मीटरमधून येणारा चरचर आवाज किंवा ठिणगी, हे वीज कंपनीचे काम. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. जुने वीज मंडळ २००५ मध्ये विभागले गेले, तेव्हापासून राज्याच्या बहुतेक भागात हे काम महावितरणकडे आहे. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात ते फ्रँचायझी कंपनीकडे गेले. मीटरच्या अलीकडचे सगळे आपले, म्हणजेच आपल्या वायरमनचे. ओळखीच्या लाइनमनला चहापाण्यावर घरचे वायरिंग करायला लावणारे पुष्कळ आहेत. त्यात दोघांचेही नुकसान आहे.

आता अशा खुणा, ज्या दिसल्यावर उद्यावर ढकलू नये. सॉकेट किंवा प्लग हाताला गरम लागणे. बोर्डाची प्लास्टिकची पट्टी पिवळी किंवा तपकिरी पडणे. कुजकट, जळक्या प्लास्टिकचा वास येणे आणि तो कुठून येतो ते न कळणे. बटण दाबल्यावर आत चरचर होणे. हे बहुधा सैल जोडाचे काम असते. सैल जोडावर एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. फक्त तेवढी एक जागा तापत राहते. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर ती स्क्रूखाली दबून काही वर्षांनी सैल होतेच. अशा तापलेल्या जागेजवळ कपड्यांची चिंधी, फोम, रेक्झिन किंवा थिनर असला तर पुढचे सांगायला नको.

दुसरी खूण झिणझिण्यांची. मशिनीच्या लोखंडी पायाला, फ्रिजच्या दाराला, नळाला हात लावताच मुंग्या येतात, आणि घरातल्या बायका सांगतात, "चप्पल घालून हात लावा." पावसाळ्यात हे वाढते, कारण भिंत ओली होते. मुंग्या येतात याचा अर्थ करंट गळतो आहे आणि त्याला जमिनीत न्यायला अर्थिंग नाही. अर्थिंग नाही म्हणून हिरवी वायर नळाच्या पाइपाला बांधणारे कारागीर मी पाहिले आहेत. मग खालच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याला झटका बसतो. अर्थिंगचा खड्डा, त्यातली प्लेट किंवा रॉड हे वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. गळती होताच क्षणार्धात लाइन तोडतो. त्यावर टेस्टचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहण्यासाठी मात्र वायरमन लागत नाही. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणे म्हणजे मास्टरांचेच "पक्कं करून टाकलं".

१८ मे २०२५ रोजी हैदराबादला चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात एका इमारतीला आग लागली. खाली दागिन्यांची दुकाने, वर बिऱ्हाड. सतरा माणसे गेली. प्राथमिक तपासात शॉर्ट सर्किटचे कारण पुढे आले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे एका शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातले सात जण धुराने गुदमरून गेले. दुकान खाली आणि घर वर असले की आग जिन्याखाली असते आणि धूर जिन्यानेच वर चढतो. म्हणून मीटर आणि मेन स्विच जिन्याखाली असेल तर तिथे कापडाचे गठ्ठे ठेवू नका, आणि रात्री दुकान बंद करताना दुकानाची लाइन मेनवरून बंद करा. बॅटरीची गाडी जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावू नका.

वायरमन कसा निवडावा? परवाना विचारा. विचारण्यात अपमान नाही. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन आलेली मुले आपल्याच मोहल्ल्यात आहेत. आपण त्यांना ट्यूब लावायला बोलावतो आणि पूर्ण दुकानाचे वायरिंग मात्र स्वस्तात करून देणाऱ्या एखाद्या उस्तादाला देतो, हे मला कधी कळले नाही. काम झाल्यावर "मेगर मारला का?" एवढे जरूर विचारा. मेगर म्हणजे वायरचे आवरण शाबूत आहे की नाही ते मोजण्याचे यंत्र. वायर आयएसआय मार्कची आहे का ते बंडलावर पाहून घ्या आणि पक्के बिल मागा.

बोलावताना "लाइट गेली" एवढेच सांगू नका. काय चालू होते, किती वेळाने बंद पडले, वास आला का, झटका बसला का, शेजारी वीज आहे का, हे सांगितले तर तो योग्य सामान घेऊन येईल आणि तुमची एक खेप वाचेल. त्या मास्टरांकडे मला दोन खेपा माराव्या लागल्या होत्या. पहिल्या वेळी मी फक्त टेस्टर आणि पक्कड घेऊन गेलो होतो, आणि निघाली ती सगळी भिंत.