टॅबलेट : माल दाखवायला उत्तम, हिशेबाला अपुरा

आजकाल दुकानाच्या गल्ल्यावर आणि कारखान्यातही टॅबलेट संगणक दिसू लागला आहे. मुले आग्रह धरतात, विक्रेता गुण सांगतो आणि दहा-पंधरा हजारांची रक्कम हातातून जाते. लहान कारागिराच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नाही. तेवढ्यात सूत, चामडे किंवा लाकूड येते. म्हणून ही वस्तू आपल्या धंद्यात कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, याचा विचार विकत घेण्यापूर्वीच झाला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० साली बाजारात आला आणि ही वस्तू घरोघरी माहीत झाली. आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट काढला. किंमत होती सुमारे २,२५० रुपये. परंतु त्याचा पडदा बोट दाबल्याशिवाय चालत नसे, गती मंद होती आणि बॅटरी लवकर संपे. त्याच्याविषयी तक्रारीच अधिक झाल्या. स्वस्त मिळाले म्हणजे उपयोगी पडेलच असे नाही, हा धडा व्यापाऱ्यानेही घेण्यासारखा आहे.

उपयोग कोठे होतो?

पहिला आणि सर्वांत मोठा उपयोग माल दाखवण्याचा. फर्निचर करणारा कारागीर दहा प्रकारची कपाटे दुकानात मांडून ठेवू शकत नाही. हिमरू किंवा जरीकाम करणाऱ्याला प्रत्येक नमुना गिऱ्हाइकाच्या घरी नेता येत नाही. फोनच्या लहान पडद्यावर नक्षीचे बारकावे दिसत नाहीत. टॅबच्या दहा इंची पडद्यावर ते दिसतात आणि घरातील चार माणसे एकत्र बसून पाहू शकतात. नमुन्यांची छायाचित्रे टॅबमध्येच उतरवून ठेवावीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी इंटरनेट नसले तरी अडत नाही.

दुसरा उपयोग जरी कारागिरांसाठी. खाका तयार करताना पडद्यावर नक्षी हवी तेवढी मोठी करून वर ट्रेसिंग पेपर ठेवला की खालचा उजेड रेषा स्पष्ट दाखवतो. अडचण एवढीच की हात लागताच चित्र सरकते. आयपॅडमध्ये 'गायडेड ॲक्सेस' नावाची सोय आहे. तिने पडद्याचा स्पर्श तात्पुरता बंद करता येतो. रेखाटन हलक्या हाताने करावे. सुईने टोचण्याचे काम मात्र कागद काढून दुसरीकडेच करावे, नाहीतर काचेवर ओरखडे पडतील.

तिसरा उपयोग किरकोळ दुकानदाराचा. ब्लूटूथने चालणारे लहान थर्मल प्रिंटर टॅबला जोडून पावती देता येते. वीज गेली तरी टॅब काही तास चालतो. मात्र थर्मल कागदावरील अक्षरे उन्हाने, उष्णतेने आणि काळाने पुसट होतात. महत्त्वाच्या पावतीची प्रत वेगळी ठेवावी.

ज्यांना टंकलेखन येत नाही त्यांना बोलून लिहिण्याची सोय आहे. मराठीत आणि उर्दूतही ती चालते. ऑर्डर टिपून ठेवायला ती पुरेशी आहे. पण रकमा आणि मापे आपल्या डोळ्यांनी तपासूनच पुढे जावे.

कोठे अडते?

पहिली अडचण पैशाच्या देवघेवीची. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदलेल्या क्रमांकाच्या सिमवरून, त्याच उपकरणातून संदेश जावा लागतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबमध्ये सिमच नसते. ओटीपीही फोनवरच येतो. व्हॉट्सॲप टॅबला जोडता येते, पण मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते. थोडक्यात, टॅब घेतल्याने फोन सुटत नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा टॅली विंडोजच्या संगणकासाठी आहे. त्याचे अहवाल टॅबवर ब्राउझरमधून पाहता येतात, पण संपूर्ण टॅली ॲन्ड्रॉइड टॅबवर चालत नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचीही तीच गोष्ट. दिवसाला पन्नास नोंदी करायच्या तर काचेवर बोटे चालवून माणूस थकतो. विंडोजवर चालणारे टॅब मिळतात, परंतु किबोर्ड धरून त्यांचा खर्च लॅपटॉपच्या घरात जातो.

तिसरी अडचण कामाच्या जागेची. हल्लीच्या टॅबचा पडदा बोटातील विद्युत गुणधर्मावर चालतो. ओला हात, साधा हातमोजा किंवा पडद्यावर पडलेले पाणी असेल तर तो नीट ऐकत नाही. लाकडाचा भुसा आणि सुताची तूस चार्जिंगच्या खोबणीत बसते. भर उन्हात पडदा दिसत नाही.

चौथी अडचण आयुष्याची. टॅब दिवसभर चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी लवकर खराब होते, कधी फुगतेही. काही टॅबमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. ती चालू करावी. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हेही विकत घेतानाच विचारावे. ते बंद झाल्यावर यंत्र चालते, परंतु बँकेची ॲप कालांतराने त्यावर चालेनाशी होतात.

दोन गोष्टींची खबरदारी

जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. स्वस्त टॅब तेवढा टिकेल याची खात्री कोणी देत नाही. उधारीची यादी फक्त टॅबमध्ये असेल आणि टॅब पडून फुटला, तर वसुली कोणत्या कागदावर करणार? म्हणून दर आठवड्याला हिशेबाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि उधारीची वही बंद करू नये.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. 'बिनव्याजी हप्ता' असे सांगून टॅब विकले जातात. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. अशा योजनेत पुष्कळदा व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि बँकेच्या हिशेबात व्याज लागतेच. त्यावर जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी हप्त्याचा कागद ओळ न ओळ वाचावा. रोख भाव विचारावा आणि पैसे साठल्यावरच खरेदी करावी. ज्यांची नियमित जीएसटी नोंदणी आहे त्यांनी धंद्यासाठी घेतलेल्या टॅबचे बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मागता येते.

ज्याचा धंदा नमुने दाखवून चालतो, त्याने टॅब अवश्य घ्यावा. ज्याला मुख्यतः हिशेब लिहायचा आहे, त्याने जुना का होईना, संगणक किंवा लॅपटॉप पाहावा. आणि ज्याचे सारे काम फोनवर सुरळीत चालले आहे, त्याने ती रक्कम मालात घालावी. खरेदीला जाण्यापूर्वी आठवडाभर एक कागद गल्ल्याजवळ ठेवा आणि फोनवर जे काम अडले ते त्यावर लिहा. आठवड्याअखेरीस कागद कोरा राहिला, तर टॅबची गरज नाही असे समजावे.