लहान घोषणा म्हणजे खोटी घोषणा नव्हे

कोणते पत्ते आपल्याकडून गाठता येतील, हे इंटरनेटवरची नेटवर्क एकमेकांना बीजीपीमार्फत सांगतात. पत्त्यांचा गट जितका लहान तितकी घोषणा संशयास्पद, असा समज या क्षेत्रात घट्ट रुजला आहे. आयपीव्ही4 मध्ये /24पेक्षा, म्हणजे 256 पत्त्यांपेक्षा लहान गट बहुतेक नेटवर्क नाकारतात, आणि हा बीजीपीचाच नियम असल्याचे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बीजीपीत अशी अट नाही; हा नेटवर्क चालवणाऱ्यांनी पाडलेला पायंडा आहे. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या स्प्रिंटने नव्याने वाटलेल्या पत्त्यांसाठी हीच रेषा /19वर, म्हणजे 8,192 पत्त्यांवर आखली होती. सोयीनुसार सरकणाऱ्या रेषेवरून घोषणेचा खरेखोटेपणा ठरत नाही.

24 फेब्रुवारी 2008 रोजी हे उघड झाले. यूट्यूबच्या /22 गटातला एक /24 पाकिस्तान टेलिकॉमने स्वतःचा म्हणून घोषित केला. राउटर नेहमी अधिक नेमका मार्ग निवडतात, त्यामुळे यूट्यूब जगातल्या मोठ्या भागात सुमारे दोन तास बंद पडले. ती खोटी घोषणा /24चीच असल्याने लांबीच्या, म्हणजे गटाच्या आकाराच्या, फिल्टरमध्ये अडकण्याजोगी नव्हतीच. उलट, अमेरिकेतली पत्तेनोंदणी संस्था एरिन रूट सर्व्हर आणि इंटरनेट एक्स्चेंज यांना आयपीव्ही6चे /48 गट मुद्दाम वेगळ्या राखीव साठ्यातून देते. तिथे /32पेक्षा लहान गट नाकारणारा सरसकट फिल्टर लावला, तर पूर्णपणे वैध मार्गच गाळले जातात.

लहान घोषणांनी राउटरची मेमरी भरते त्याचे काय, हा आक्षेप रास्त आहे. 12 ऑगस्ट 2014 रोजी मार्गांची संख्या 5,12,000च्या पुढे गेली आणि जुने राउटर कोलमडले. नंतर ती नऊ लाखांच्याही पुढे गेली. पण त्या दिवशी निमित्त झाले ते व्हेरायझनसारख्या बड्या कंपनीने गट फोडून केलेल्या सुमारे 15,000 जादा घोषणांचे. मोठा गट असणाऱ्याला तो एकत्र घोषित करता येतो. ज्याच्याकडे मुळातच एक /24 आहे, त्याला ती सोय नाही. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपीएनिक 2019पासून नव्या सदस्याला आयपीव्ही4चे जास्तीत जास्त 512 पत्ते देते. तेव्हा भारतातल्या नव्या सेवादात्यालाही लहान घोषणेवाचून गत्यंतर नाही.

म्हणून नेटवर्क चालवणाऱ्यांनी एकच पट्टी सगळीकडे लावू नये. नोंदणी संस्थेने त्या-त्या साठ्यातून दिलेला सर्वात लहान गट ही लांबीची मर्यादा मानावी आणि घोषणा करणाऱ्याचा हक्क आरपीकेआयने, म्हणजे पत्त्यांच्या हक्काच्या डिजिटल प्रमाणपत्रांनी, पडताळावा. आरपीकेआय संपूर्ण मार्गाची खात्री देत नाही, हे खरे. पण घोषणा कोण करू शकतो हे ते सांगते, आणि गटाच्या लांबीवरून ते कधीच कळू शकत नाही.